डिलिव्हरी चार्ज नेमका ठरतो कसा? – घरगुती ऑनलाइन विक्रीतलं गणित



व्यवहारातील गणित शिकवताना आपण अजूनही दूधवाला, किराणा दुकान आणि एसटीचं तिकीट हीच उदाहरणं घेतो. उदाहरणं चांगलीच आहेत. पण आज मुलांच्या घरी वरचेवर येणारी गोष्ट म्हणजे पार्सल, आणि त्याच्या बिलावर एक ओळ असते : 'डिलिव्हरी चार्ज ६० रुपये' किंवा 'फ्री डिलिव्हरी'. हे ६० आले कुठून? ४० का नाहीत? आणि फ्री असेल तर कुरिअरवाल्याचे पैसे कोण देतं? वर्गात विचारून बघा. बहुतेक मुलं सांगतील, "कंपनी देते." मोठ्यांना विचारलं तरी फार वेगळं उत्तर मिळत नाही.

हा विषय निवडण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या शाळांमधल्या कितीतरी मुलांच्या आया घरून काहीतरी विकतात. कांदा लसूण मसाला, पापड, लाडू, राख्या, क्रोशाच्या पर्सेस. व्हॉट्सॲप ग्रुप, इन्स्टाग्रामचं पेज, फारतर एक छोटी वेबसाइट. माल उत्तम असतो, गिऱ्हाईकही मिळतं, पण महिनाअखेरीस हातात फार काही उरत नाही. पुष्कळदा गळती याच एका ओळीत असते. म्हणून मोठ्या कंपन्यांचं आज बाजूला ठेवू. त्यांची गोदामं, त्यांच्या गाड्या, त्यांचा हिशोब निराळा. आपण कोल्हापूरहून घरगुती मसाला पाठवणाऱ्या एखाद्या ताईंचा हिशोब मांडू. खाली जे दर घेतले आहेत ते समजायला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. प्रत्येक कुरिअरचे दर वेगळे आणि बदलते असतात. हिशोबाची रीत मात्र हीच असते.

वजन म्हणजे काट्यावरचं वजन नव्हे

कुरिअरचा दर सरळ रेषेत वाढत नाही, जिन्यासारखा वाढतो. बहुतेक ठिकाणी पायरी ५०० ग्रॅमची असते. पार्सल ३०० ग्रॅमचं असो की ४९० ग्रॅमचं, पैसे ५०० ग्रॅमचेच. पण ५१० ग्रॅम झालं की पुढची पायरी, म्हणजे १ किलोचे पैसे. दहा ग्रॅमसाठी एवढा फरक! म्हणूनच घरगुती लाडवांचा डबा ४०० ग्रॅमचा का असतो, असं कोणी विचारलं तर लगेच "मापात मारतात" म्हणू नका. डबा, पुठ्ठ्याचा खोका, बबल रॅप, चिकटपट्टी मिळून ७०-८० ग्रॅम सहज होतात. अर्धा किलो लाडू भरले की पार्सल पुढच्या पायरीवर गेलंच म्हणून समजा.

आता यातली खरी गंमत. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं. दुसरं खोक्याच्या आकारावरून काढलेलं, त्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. आपण त्याला 'आकारमानाचं वजन' म्हणू. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि त्याला ५००० ने भागायचं. उत्तर किलोमध्ये येतं. (५००० हा आकडा जास्त प्रचलित आहे, काही कंपन्या ४००० ने भागतात, मग वजन आणखी वाढतं.) या दोन वजनांपैकी जे जास्त, त्याचे पैसे.

पालकांना हे अन्यायाचं वाटतं, पण कारण सोपं आहे. टेम्पोत गूळ भरला तर टेम्पो अर्धा रिकामा असतानाच वजनाची मर्यादा संपते. कापूस भरला तर वजन नगण्य, पण टेम्पो शिगोशिग भरलेला. कापूसवाल्याकडून फक्त वजनाचे पैसे घेतले तर टेम्पोवाल्याचं डिझेलही सुटणार नाही. कुरिअरची गाडी आणि विमानातली जागा यांचंही तसंच.

उदाहरण करून पाहू. अर्धा किलो पातळ पोह्यांचा चिवडा. पॅकिंगसकट काट्यावरचं वजन ६०० ग्रॅम, म्हणजे १ किलोची पायरी. पण ताईंनी घरात होता तो खोका वापरला : ३० × २० × १५ सेंमी.

३० × २० × १५ = ९०००
९००० ÷ ५००० = १.८ किलो

झाली २ किलोची पायरी. समजा, पहिल्या ५०० ग्रॅमला ६० रुपये आणि पुढच्या प्रत्येक ५०० ग्रॅमला ४० रुपये असा दर आहे. १ किलोला १०० रुपये लागले असते, तिथे २ किलोचे १८० लागले. आता तोच चिवडा २४ × १६ × १२ सेंमीच्या खोक्यात बसवला तर?

२४ × १६ × १२ = ४६०८
४६०८ ÷ ५००० = ०.९२ किलो

म्हणजे १ किलोची पायरी, १०० रुपये. चिवडा तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त खोका बदलला आणि ८० रुपये वाचले. ८० रुपये हा अर्धा किलो चिवड्यामागे घरगुती विक्रेत्याचा पूर्ण नफासुद्धा असू शकतो.

हे 'नंतर' लक्षात येतं, तीच अडचण. ताई पार्सल पाठवताना ॲपवर ६०० ग्रॅम भरतात, १०० रुपये कापले जातात. पुढे कुरिअरच्या हबमध्ये मशीन खोक्याचं माप घेतं आणि चार-आठ दिवसांनी उरलेले ८० रुपये खात्यातून वजा होतात. तोवर गिऱ्हाइकाकडून डिलिव्हरी चार्ज घेऊन झालेला असतो. पुन्हा मागायला तोंड कुठे आहे? म्हणून अनुभवी विक्रेते दोन-तीन ठरावीक मापांचेच खोके आणतात आणि काट्यावर ठेवलेल्या, टेप लावलेल्या पार्सलचा फोटो काढून ठेवतात. मशीनचं माप चुकलंच तर तक्रार करताना तो पुरावा होतो.

पिनकोडचं काम

वजनानंतर येतं अंतर. पण कुरिअर किलोमीटर मोजत बसत नाही. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, असे दोन पिनकोड घेतले जातात आणि त्यावरून झोन ठरतो. त्याच शहरात, त्याच राज्यात किंवा जवळपास, महानगर ते महानगर, उरलेला देश, आणि शेवटी ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर यांसारखे लांबचे भाग. झोनगणिक दर चढत जातो.

इथे थोडं थांबून मुलांना पिनकोड वाचायला शिकवता येईल. पिनकोड पद्धत आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंकी आकड्यातला पहिला अंक देशाचा विभाग सांगतो आणि पहिले तीन मिळून टपालाची वर्गवारी कुठल्या जिल्ह्यात होते ते सांगतात. कोल्हापूर ४१६, पुणे ४११, नाशिक ४२२. गोव्याचा ४०३, म्हणजे राज्य वेगळं पण सुरुवात ४ नेच. इंदूरचा ४५२, तोही ४ च. बेंगळुरू ५६०, गुवाहाटी ७८१. वर्गातल्या प्रत्येकाला एका लांबच्या नातेवाइकाचा पिनकोड आणायला सांगा आणि फळ्यावर लिहा. नकाशा आपोआप तयार होतो.

सगळ्यांना एकच दर लावला तर?

आता ताईंपुढे प्रश्न येतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला पिनकोड विचारून, दर काढून, मग सांगायचं? व्हॉट्सॲपवर एवढा वेळ कोणी थांबत नाही. म्हणून बहुतेक जण सरळ एक आकडा ठरवतात. "शिपिंग ७० रुपये, ऑल इंडिया." याला फ्लॅट रेट म्हणतात.

हे ७० कसे काढायचे? इथे मोठी माणसंही चुकतात. समजा, महाराष्ट्रात ५०, इतर राज्यांत ७५ आणि ईशान्येकडे ११० रुपये खर्च येतो. तिन्हींची बेरीज २३५, भागिले ३, म्हणजे साधारण ७८. बरोबर? नाही. कारण तिन्हीकडे सारख्या ऑर्डर जात नाहीत. गेल्या महिन्यात २० पार्सलं गेली, त्यांतली ८ महाराष्ट्रात, ९ इतर राज्यांत, ३ ईशान्येकडे, असं धरू.

८ × ५० = ४००
९ × ७५ = ६७५
३ × ११० = ३३०
एकूण १४०५ ÷ २० = ७०.२५

हा खरा सरासरी खर्च. 'भारित सरासरी' हा शब्द पुस्तकात आला की मुलं डोळे मिटतात, पण या तीन ओळींत ती लख्ख कळते.

७० रुपये ठरले. पण आता काय होतं बघा. सांगलीच्या गिऱ्हाइकाला वाटतं, "शेजारच्या जिल्ह्यातून यायला ७०? त्यापेक्षा बाजारातून आणते." गुवाहाटीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र ७० स्वस्तच वाटतात. हळूहळू जवळची गिऱ्हाइकं कमी होतात. समजा, महाराष्ट्रातल्या ८ ऑर्डरच्या ४ झाल्या. आता खर्च २०० + ६७५ + ३३० = १२०५ रुपये, पार्सलं १६, सरासरी ७५ च्या वर. ताईंना मिळाले १६ × ७० = ११२०. म्हणजे ८५ रुपये तोटा. मग त्या दर ७५ करतात आणि जवळची गिऱ्हाइकं आणखी कमी होतात. दर कोणी मुद्दाम वाढवलेला नसतो, गिऱ्हाइकांचं मिश्रण बदललेलं असतं.

मला यावर दोन दरांचा तोडगा सगळ्यात बरा वाटतो. महाराष्ट्र ५०, महाराष्ट्राबाहेर ८५ (बाहेरच्या १२ पार्सलांचा खर्च १००५, सरासरी ८३.७५). सांगायला सोपा, आणि सांगलीकर गुवाहाटीकराचं भाडं भरत नाही.

तसा एकच दर हा काही ऑनलाइनवाल्यांचा शोध नाही. पूर्वी आपल्याकडे पत्राचा दर अंतरावर असायचा, पत्र जितकं लांब जाणार तितके पैसे जास्त. १८५४ च्या टपाल कायद्यानंतर अंतर न बघता फक्त वजनावर देशभर एक दर लागू झाला. त्याआधी १८४० मध्ये इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्या सूचनेवरून पेनी पोस्ट सुरू झालं होतं. त्यांचं म्हणणं असं की पत्राचा मोठा खर्च ते गोळा करणं, नोंदवणं आणि वाटणं यात असतो, प्रत्यक्ष वाहून नेण्यात फारच थोडा. पत्राला हे चपखल लागू पडतं. दोन किलोच्या मसाल्याच्या खोक्याला तितकं नाही.

'फ्री' कधी परवडतं

फ्री डिलिव्हरीचे पैसे कोणीतरी देतंच. एक तर वस्तूच्या किमतीत मिसळलेले असतात, नाहीतर विक्रेत्याच्या नफ्यातून जातात. किमतीत मिसळणं सोपं दिसतं : १८० चा मसाला २४० ला, डिलिव्हरी फ्री. पण गिऱ्हाइकाने दोन पाकिटं घेतली की त्याच्याकडून भाड्याचे १२० गेले, आणि दोन्ही पाकिटं एकाच ५०० ग्रॅमच्या पायरीत ६० रुपयांत गेली. जास्त घेणाऱ्यालाच जास्त भुर्दंड. म्हणून 'इतक्या रुपयांच्या वर फ्री' ही पद्धत आली. तो 'इतक्या' आकडा कसा ठरतो ते बघू.

पाकीट २०० ग्रॅमचं, किंमत १८०, एका पाकिटामागे नफा ६० रुपये. कुरिअरचा दर वरचाच, ६० आणि पुढे ४०-४०. डिलिव्हरी ताईंनी स्वतः सोसली तर :

१ पाकीट : पॅकिंगसह २६० ग्रॅम, भाडं ६०, नफा ६०, उरले ०
२ पाकिटं : ४६० ग्रॅम, भाडं ६०, नफा १२०, उरले ६०
३ पाकिटं : ६७० ग्रॅम, भाडं १००, नफा १८०, उरले ८०
४ पाकिटं : ८८० ग्रॅम, भाडं १००, नफा २४०, उरले १४०
५ पाकिटं : १०९० ग्रॅम, भाडं १४०, नफा ३००, उरले १६०

शेवटचा आकडा वाढत जातो, पण सारखा वाढत नाही. दोनावरून तीनावर गेलं की फक्त २० वाढतात, तीनावरून चारावर ६०, चारावरून पाचावर पुन्हा २०. दोन आणि चार पाकिटं पायरीच्या अगदी काठापर्यंत भरलेली आहेत. म्हणून चार पाकिटं म्हणजे ७२० रुपये, आणि पाटी लागते '६९९ च्या वर डिलिव्हरी फ्री'. हा आकडा कुठल्यातरी मोठ्या साइटचा बघून उचलायचा नसतो. तिथे ४९९ दिसलं म्हणून ताईंनी ४९९ लावलं, तर तीन पाकिटांवर म्हणजे ५४० वर फ्री द्यावं लागेल आणि हातात ८० रुपयेच राहतील. त्यातूनही खोका, बबल रॅप, टेप, लेबल यांचे १५-२० रुपये जायचे आहेत. हा खर्च घरगुती हिशोबात हमखास विसरला जातो. आणि कुरिअरच्या सेवेवर १८ टक्के जीएसटी असतो. ॲपवर दिसलेला दर त्यासकट आहे की त्याशिवाय, हे पाहिल्याशिवाय वरचा तक्ता मांडूच नये.

दारातून परत गेलेलं पार्सल

आता पालकांसाठी थोडं स्पष्ट बोलते. कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सीओडी. आधीच्या पिढीला ही व्ही.पी.पी. म्हणून माहीत आहे. पोस्टमन पुस्तक घेऊन यायचा, पैसे द्यायचे आणि पुस्तक घ्यायचं. टपाल खात्याने ती पद्धत १८७७ मध्ये सुरू केली. आजचे कुरिअर सीओडीसाठी वेगळे पैसे घेतात, साधारणपणे एक ठरावीक रक्कम किंवा बिलाचा काही टक्के भाग, यांतलं जे जास्त ते.

पण खरा फटका वेगळाच. गिऱ्हाईक ऑर्डर देतं आणि पार्सल दारात आल्यावर म्हणतं, "नको आता." कुरिअरच्या भाषेत याला आरटीओ म्हणतात (गाडीच्या लायसन्सचं आरटीओ नव्हे, 'रिटर्न टू ओरिजिन'). बहुतेक वेळा जायचं भाडंही विक्रेत्याचं आणि परत यायचंही.

१०० सीओडी ऑर्डर गेल्या आणि १५ परत आल्या असं धरा. जायचे ७०, यायचे ६०. १५ × १३० = १९५० रुपये. हे पैसे उरलेल्या ८५ पार्सलांतून वसूल करायचे म्हटले तर प्रत्येकी जवळजवळ २३ रुपये. म्हणजे ज्यांनी मुकाट्याने पैसे देऊन पार्सल घेतलं, त्यांच्या डिलिव्हरी चार्जमध्ये 'नको आता'वाल्यांचे २३ रुपये आहेत. शिवाय परत आलेला चिवडा दहा-बारा दिवस फिरून आलेला असतो, तो पुन्हा विकता येत नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलाच्या आई मसाला विकतात. त्यांनी सीओडी बंदच केलं, आता यूपीआयने आधी पैसे. ऑर्डर कमी झाल्या, पण महिन्याचा नफा वाढला, असं त्या सांगतात. सगळ्यांना हे जमेलच असं नाही. नव्या विक्रेत्यावर अनोळखी माणूस आधी पैसे देऊन विश्वास कसा ठेवणार? म्हणून मधला मार्ग म्हणजे सीओडी चालू ठेवायचं, पण त्याचे ४० रुपये वेगळे आणि उघडपणे लावायचे.

उघडपणे यावर जोर आहे, कारण तो नियमही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने एकूण किंमत आणि तिची फोड, डिलिव्हरी-पोस्टेजसह, दाखवायची असते. आणि २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, आधी कमी किंमत दाखवून पैसे भरताना हळूच चार्ज वाढवत नेणं ही फसवी पद्धत मानली आहे. घरून विकणाऱ्यांनीही पहिल्याच मेसेजमध्ये 'मसाला १८० + डिलिव्हरी' असं लिहावं. शेवटी भांडण टळतं.

पुस्तकं पाठवणाऱ्या शिक्षकांसाठी

आपल्यातले काही जण स्वतः काढलेली सराव पुस्तकं, गोष्टींची पुस्तकं विकतात. पुस्तक जड असतं आणि किंमत कमी, त्यामुळे कुरिअर परवडत नाही. १२० च्या पुस्तकाला ६० भाडं कोण देईल? टपाल खात्याने १ मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' ही सेवा सुरू केली. ती सुरू झाली तेव्हा ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे दर होते, कर वेगळा. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकं चालतात, जाहिराती चालत नाहीत, आणि पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं. माल जमिनीवरच्या वाहतुकीने जातो, त्यामुळे घाई असेल तर उपयोग नाही. जूनच्या आधी मागवून ठेवायला मात्र झकास.

वर्गात कसं घ्यायचं

प्रत्येक गटाला घरातला एकेक रिकामा खोका आणायला सांगा. पट्टीने तिन्ही मापं घ्यायची, ५००० ने भागायचं, मग खोक्यात रद्दी भरून काट्यावर वजन करायचं आणि दोन्हींतलं मोठं वजन फळ्यावर लिहायचं. बुटाचा खोका आणि मिठाईचा खोका शेजारी ठेवले तर जास्त मजा येते. पाचवीच्या खालच्या मुलांना भागाकार जड गेला तर फक्त 'कुठल्या पायरीवर?' एवढंच विचारा, ० ते ५००, ५०१ ते १०००, असं.

मोठ्या मुलांसाठी एक उदाहरण देते. ताईंकडे १५० ग्रॅमची चटणीची पाकिटं आहेत, रिकाम्या खोक्याचं पॅकिंगसह वजन ४० ग्रॅम. खोका लहान आहे, त्यामुळे काट्यावरचंच वजन धरा. दर वरचाच, ६० आणि पुढे ४०-४०. ५०० ग्रॅमच्या पायरीत जास्तीत जास्त किती पाकिटं बसतील, १ किलोच्या पायरीत किती, आणि दोन्ही वेळा एका पाकिटामागे भाडं किती पडेल? (उत्तर : ३ आणि ६; एका पाकिटामागे २० रुपये आणि साधारण १६ रुपये ६७ पैसे.) एखादं मूल विचारेल, की पाकीट १५० ऐवजी १४० ग्रॅमचं केलं तर ५०० ग्रॅममध्ये चौथं बसेल का? बसत नाही, ६०० होतात. मग किती ग्रॅमचं केलं तर बसेल, ते त्यालाच काढायला सांगा.